घरच्या ग्रॅज्युएशनचं आमंत्रण: एक की दोन?

टेक्ससमधल्या माझ्या मावसबहिणीने मुलाला बारावीपर्यंत घरीच शिकवलं. तिथे होमस्कूल म्हणजे कायद्याने खाजगी शाळाच, 1994 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलंय. म्हणून बारावी पूर्ण झाल्याचा डिप्लोमाही आईवडीलच देतात. दिवाणखान्यात ग्रॅज्युएशनचा, म्हणजे डिप्लोमा देण्याचा सोहळा, मग अंगणात पार्टी. दोन्हींचं एकच आमंत्रण काढावं की वेगवेगळी दोन, असं ती विचारत होती.

मजकुराच्या दृष्टीने एकत्र आमंत्रण अवघड. नुसतं "दुपारी 4 पासून" लिहिलं तर पार्टी समजून निम्मे लोक 5 ला येतात आणि मुलाच्या हाती डिप्लोमा पडतो तो क्षणच हुकतो. "4 वाजता डिप्लोमा प्रदान, 5 पासून जेवण" अशा दोन ठसठशीत ओळी हव्यातच. सोहळ्याच्या वेगळ्या पत्रिकेत "आम्ही, त्याचे आईवडील आणि शिक्षक" असं मनापासून लिहायला जागा मिळते. मला ती ओळ फार आवडते. पार्टीच्या निरोपात वेळ, पत्ता आणि "किती जण येणार ते कळवा" एवढं पुरतं.

खर्चात फारसा फरक नाही, पार्टीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. "कृपया आहेर आणू नये" दोन्हीकडे चालतं. मानापमान मात्र खरा. फक्त पार्टीला बोलावलेल्यांना ते कळतंच आणि लागतंही.

पंचवीसेक जवळचीच माणसं असतील तर एकच पत्रिका काढावी. दिवाणखान्यात पंधरा खुर्च्या आणि अंगणात साठ पाहुणे असतील तर दोन.