साकव घालायचा की तारेचा झुलता पूल?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगडच्या रानातल्या गावांत मे सरत आला की बैठकीला एकच विषय असतो: यंदा नाल्यावर काय घालायचं? म्हादईला, भांडुऱ्याला पाणी चढलं की वाट तुटते आणि आजारी माणूस डोलीतून न्यावा लागतो. तुमच्या गावात ही चर्चा सुरू असेल, तर माझं मत सांगतो.

पात्र पंधरा-वीस पावलांचं असेल, तर साकवच घाला. दोन्हीकडे मेढी, वर लांब वासे, त्यावर आडव्या काठ्या. कसब गावातलंच, बिघडलं तर चार माणसांत दुरुस्त होतं. पण पुरातून ओंडका आला की साकव जातो. शिवाय 2011 साली भीमगड अभयारण्य झाल्यापासून दरवर्षी लाकूड तोडणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. झुलत्या पुलालाही वनखात्याची परवानगी लागेल, पण ती दर पावसाळ्याला नव्हे.

पात्र त्याहून मोठं असेल, तर तारदोराचा, म्हणजे पोलादी तारा पिळून केलेल्या दोराचा झुलता पूल. सुंभ भिजून कुजतो. नायलॉन ताणतो, उन्हाने कमजोर होतो आणि गाठ मारली की तिथे त्याची ताकद बरीच घटते. तो कठड्याच्या जाळीपुरता ठेवा. माणसांचा भार जस्त चढवलेल्या तारदोरावरच हवा.

इथे सगळ्यांना वाटतं, दोर जितका ताठ तितका पूल पक्का. नेमकं उलट आहे. 30 मीटरचा पूल आणि माणसं धरून मीटरला 300 किलो भार समजा. मध्ये दीड मीटर झोळ ठेवला, तर सगळ्या दोरांत मिळून साडेबावीस टन ओढ येते. झोळ तीन मीटर केला की ती सव्वाअकरा टनांवर उतरते. पण मग टोकाचा चढ शिडीसारखा होतो, आणि मधला भाग पुराच्या पाण्याजवळ जातो. म्हणून काठ उंच नसतील तर झुलत्या पुलाचा हट्ट सोडा, किंवा मनोरे बांधायचा खर्च धरा.

एवढी ओढ काठावरच्या झाडाला बांधायची नाही. दोर सालीत रुततो, मुळांखालची माती पुरात धुपते. काठापासून मागे खोल चर खणून दगड-काँक्रीटचा ठोकळा पुरावा, आणि चराची नदीकडची भिंत न उकरलेल्या घट्ट मातीची राहू द्यावी. सगळी ओढ तीच झेलते. पैसा कमी पडला तर फळ्या साध्या घ्या, इथे काटकसर नको. दोराच्या टोकाला किमान तीन क्लॅम्प हवेत. त्यांचा U आकाराचा बोल्ट आखूड शेपटीकडे, म्हणजे दोराच्या वळवून मागे आणलेल्या टोकाकडे, आणि खोबणीची बाजू भार घेणाऱ्या दोरावर येते. भार आल्यावर नट पुन्हा आवळा.

आराखडा मात्र अभियंत्याकडूनच घ्या. आपल्याच कर्नाटकातल्या सुळ्यच्या गिरीश भारद्वाज यांनी 1989 पासून असे शंभराहून जास्त पूल उभारले, 2017 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा खेड्याला न झेपणारं हे काम नाही.

झेपेल का हे बघायचं ते देखभालीबाबत. 2022 साली गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल कोसळून 135 माणसं गेली. चौकशीत तुटलेल्या मुख्य केबलच्या 49 पैकी 22 तारा आधीच गंजलेल्या निघाल्या. एका वेळी किती माणसं, हे दोन्ही टोकांना लिहा. दर मे महिन्यात, मृगाआधी, दोरावरून फडकं फिरवा. तुटलेली तार असेल तिथे ते अडकतं. हे करणारी दोन माणसं बैठकीतच ठरवा. ती मिळाली नाहीत, तर यंदा साकवच घाला.