काटोल रोडची संत्र्याची रोपवाटिका: काका गेल्यानंतरही कलम घ्यावं का?

नागपूरच्या या रोपवाटिकेचे मालक काका गेले तेव्हा काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या बागायतदारांना पहिली काळजी पडली ती पन्हेरीची, म्हणजे या रोपवाटिकेची. मुलगा आणि सून आता सगळं बघतात. नागपुरी संत्र्याचं कलम घ्यायचं असेल तर इथूनच घ्यावं, असं आमचं मत आजही आहे. शोभेच्या झाडांबद्दल मात्र ते नाही.

काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, सकाळी हरिपाठ झाल्याशिवाय पन्हेरीत पाऊल नाही, आणि धापेवाड्याच्या विठोबाची वारी कधी चुकवली नाही. आषाढी नेमकी लागवडीच्या तोंडावर येते, ट्रक भरून रोपं जाण्याचे ते दिवस. तरी त्या दिवशी फाटक बंद असायचं, आजही असतं. द्वादशीला तुळशीचं पान तोडायचं नाही म्हणून तुळशीची छाटणी आणि मंजिऱ्या खुडणं आधीच उरकलेलं असतं. घरातल्या सगळ्यांना त्यांनी डोळा भरायला (चांगल्या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून कलम करायला) शिकवलं, सुनेला तर सगळ्यात आधी. आज पन्हेरीत तिचाच हात सगळ्यात साफ आहे.

खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप, जंबेरी या आंबट लिंबाचा. पिकल्या फळातलं बी काढून, धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरतात, कारण ते ठेवलं की उगवण झपाट्याने घटते. जंबेरीच्या एका बीमधून बहुतेकदा एकापेक्षा जास्त रोपं निघतात. त्यातली बरीचशी मातृवृक्षासारखीच असतात, पण काही वेगळी, खुरटी किंवा पानाला निराळी निघतात. ती काका निर्दयपणे उपटून टाकायचे. स्वस्त कलमं विकणारे इथेच पैसे वाचवतात, आणि पुढे एकाच बागेत दोन झाडं सारखी वाढत नाहीत.

माती पोयट्याची, त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत. मे महिन्यात ही माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवतात. काळं प्लास्टिक चालत नाही, ऊन आरपार जाऊन माती आतून तापायला हवी. फायटोफ्थोरा बुरशीवरचा हा पहिला बंदोबस्त. संत्र्याची मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बऱ्याचदा पन्हेरीतूनच शेतात जातात.

खुंट पेन्सिलीएवढा झाला की हिवाळ्यात डोळा भरतात, जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर. याहून खाली बांधलेलं कलम घेऊच नका. पावसात मातीचे शिंतोडे सांध्यावर उडतात, आणि वरची संत्र्याची साल डिंक्याला बळी पडते. डोळकाडी (जिच्यावरून डोळा काढतात ती फांदी) गोल हवी, कोनदार कोवळी फांदी नको. साधारण तीन आठवड्यांनी डोळ्यापाशी ठेवलेल्या पानाच्या देठाला बोट लावायचं. देठ अलगद गळून पडला आणि डोळा हिरवा असला तर कलम लागलं. देठ वाळून चिकटून बसला तर डोळा मेला.

मेलेल्या डोळ्याची फसवणूक फार महागात पडते. खालून जंबेरीचा काटेरी फुटवा जोमाने वाढतो, रोप टवटवीत दिसतं, आणि चार-पाच वर्षांनी झाडाला जाड सालीची आंबट फळं लागतात. म्हणून घेताना सांध्याखाली एकही फुटवा नाही आणि वरची फांदी सांध्यातूनच निघाली आहे, हे बोटाने चाचपून बघा. मग एक पिशवी फाडून बघायला मागा. तंतुमुळं पांढरट हवीत. चिमटीत ओढल्यावर साल निघून आत नुसता दोरा उरला तर अख्खी खेप सोडून द्या. इथे पिशवी फाडायला मागितली तर कोणी तोंड वाकडं करत नाही. काकांचा हा नियम टिकला आहे, आणि आमच्या लेखी तीच त्यांची खरी आठवण. दर इतरांपेक्षा थोडा चढा आहे, तो याच कामाचा.

नेण्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी द्यायला सांगा. सकाळी दिलं तर मुळांभोवतीच्या मातीची ओली हुंडी टेम्पोच्या हादऱ्यांनी फुटते. 6 बाय 6 मीटरवर एकरी 110 च्या आसपास झाडं बसतात, मर भरून काढायला दहा-बारा जास्त घ्या. काळ्या भारी जमिनीत पाणी साचतं, तिथे वरंब्यावरच लावा. सांधा मातीच्या वर राहू द्या आणि पाणी दुहेरी आळ्याने (खोडाभोवती एक आळं, त्याबाहेर दुसरं, पाणी बाहेरच्यातच) द्या, म्हणजे खोड कोरडं राहतं. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. हे सगळं मुलगा न विचारता सांगतो, वडिलांसारखंच घाई न करता.

आता नाराजी. पुढच्या अर्ध्या जागेत शोभेच्या झाडांचा विभाग झाला आहे. त्यातली बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात तो गोळा विटेसारखा होतो, पाणी बाजूने ओघळून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी रोपं घेतलीच तर गोळा बादलीभर पाण्यात भिजवा, बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा आणि मगच कुंडीत लावा. एप्रिल ते जून घेऊच नका. काका बाहेरचा माल महिनाभर हिरव्या जाळीखाली ठेवून मग विकायचे. हल्ली तो आल्या दिवशीच मांडलेला दिसतो, आणि हे मुलाने थांबवायला हवं. घरच्यासाठी तुळस, कढीपत्ता आणि कागदी लिंबू मात्र इथलंच वाढवलेलं मिळतं, ते बिनधास्त घ्या.

रविवारी गर्दी असते, कलमांसाठी आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा. जुलैची लागवड असेल तर मार्चमध्येच नोंदणी करा आणि पावतीवर खुंटाचं नाव लिहून घ्या.