एनआयसीयूनंतरची फिजिओ: सेंटरवर न्यायची की घरीच करायची?

आमचं बाळ ३२ आठवड्यांतच जन्मलेलं, एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात पेटीत राहून घरी आलेलं, आणि आम्ही राहायला तासगावला. डिस्चार्जच्या वेळी फिजिओ चालू करा म्हणाले. आम्ही आधी सांगलीला सेंटरवर नेलं, नंतर घरी चालू केलं, म्हणजे दोन्ही करून बघितलंय.

फिजिओ लागतेच कशाला असं घरातली मोठी माणसं विचारतात. पेटीत बाळ बराच वेळ उताणं, हाताला सलाईनची पट्टी, नाकात नळी, तोंड एकाच अंगाला. जीव त्यानंच वाचतो, त्याबद्दल बोलायचंच नाही, पण मान एकीकडंच वळायची सवय लागते, खांदे मागं खेचलेले राहतात आणि दोन्ही हात छातीसमोर यायला उशीर होतो. आणि वय मोजताना सुधारित वय, म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासूनचं वय धरायचं बरं का, ३२ आठवड्यांचं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी हालचालीच्या हिशोबात चारच महिन्यांचं, साधारण दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात.

सेंटरची जमेची बाजू म्हणजे अनुभवी नजर. पाय कात्रीसारखे होतायत का, मुठी सारख्या आवळलेल्या आहेत का, हे आपल्याला कळायच्या आधी त्यांना दिसतं. डोळे, कान, फिजिओ एका छपराखाली, आणि आरबीएसके म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून गेलात तर पैसेही लागत नाहीत.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही ती म्हणजे झोप. एसटी गावाबाहेर पडली की हा गाढ झोपणार, सांगलीत उतरून नंबर लावेपर्यंत झोपलेलाच, आणि आमचा नंबर आला की उठवायचं, मग भुकेनं रडं, मग फिजिओ मॅडम त्याच्या रडण्यातच पाय हलवून बघणार. खरंतर सुधारित तीन महिन्यांच्या आसपास बाळाच्या आपोआप होणाऱ्या बारीक हालचाली बघतात ना, त्यासाठी बाळ जागं आणि शांतच लागतं, हातात खेळणंही नको. आमच्याकडं तो मुहूर्त सकाळी अंघोळीच्या आधी यायचा, तासगावात, चटईवर! शेवटी मोबाईलवर शूट करून नेलं तेव्हा मॅडमना नीट बघायला मिळालं.

घरी काय, दूध पिऊन जरा वेळ झाला की छातीखाली टॉवेलची गुंडाळी, पालथं घालायचं, खुळखुळा नावडत्या बाजूला. पाच मिनिटं झाली, कुरकुरला, उचललं, परत तासाभरानं. दिवसात असं कितीतरी वेळा होतं, सेंटरवर आठवड्यातून अर्धा तास. आमच्या बाळाची मान सरळ झाली ती घरीच, असं मला वाटतं, आता वयानं झाली असती का ते कोण सांगणार.

तरी मेंदूच्या सोनोग्राफीत काही निघालं असेल, झटके आले असतील किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल तर घरचं पुरणार नाही, सेंटरच धरा, झोप मोडली तरी. रिपोर्ट साधे असतील तर महिन्यातून एकदा दाखवायचं आणि बाकी घरी, हे मला बरं वाटतं. फक्त फिजिओकडून एकेक व्यायाम मोबाईलवर शूट करून घ्या, कारण दुपारी बाळ आजीकडं असतं, आणि आजीचा जीव पांगुळगाड्यात अडकलेला असतो, तो मात्र माळ्यावरच राहू द्या.