तापीकाठची कपाशी: झिंग्याला कोणतं औषध सोसेल?

नाल्याला लागून कपाशी असेल, तर औषध निवडताना बोंडअळीसोबत झिंग्याचाही विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. झिंगा, खेकडा आणि अळी एकाच मोठ्या गटातले, संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे जीव. औषध अळीच्या ज्या नसा पकडतं, त्याच झिंग्यालाही आहेत.

सायपरमेथ्रिन माणसाला त्यामानाने सौम्य, म्हणून दुकानात आधी तेच हातात येतं. झिंग्यासाठी मात्र सायपरमेथ्रिन, प्रोफेनोफॉस आणि इमिडाक्लोप्रिड या तिघांत तेच सर्वांत घातक. कोळंबीसारखा दिसणारा चिमुकला समुद्री मायसिड लिटरमागे काही नॅनोग्रॅमनेच मरतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. प्रोफेनोफॉसला मायक्रोग्रॅम (एकात हजार नॅनोग्रॅम) लागतात, पण फवारणाऱ्याच्या जिवाला ते जास्त धोक्याचं. प्रोफेनोफॉस 40 + सायपरमेथ्रिन 4 टक्क्यांच्या तयार मिश्रणात तर दोन्ही एकदम येतात.

इमिडाक्लोप्रिड तुडतुडे-माव्यासाठी, बोंडअळीला त्याचा उपयोग नाही. डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला जीव ते बरंच सोसतो, म्हणून ते पाण्याला निर्धोक वाटतं. मायसिड मात्र डॅफ्नियाला मारणाऱ्या मात्रेच्या हजाराव्या भागाहूनही कमी मात्रेत मरतो. एकाने सोसलं म्हणून दुसरा सोसेल असं नाही. मोठा खेकडा पचनग्रंथीतल्या विकरांनी थोडंफार विष मोडतो; पिल्लं आणि नुकती कात टाकलेले मऊ जीव आधी जातात.

निवड करताना मी आणखी एक गोष्ट बघतो: औषध कशासोबत वाहतं. सायपरमेथ्रिन मातीच्या कणांना चिकटतं. गाळासोबत गेलेला त्याचा बराच भाग तापीवरच्या उकाई धरणाच्या जलाशयात बसणार, आणि तिथल्या बॅकवॉटरवर नवापूरकडची आदिवासी कुटुंबं मासेमारी करतात. इमिडाक्लोप्रिड पाण्यात विरघळतं. स्वच्छ पाण्यात ऊन त्याला मोडतं, पण पावसाळ्यातल्या गढूळ तापीत ऊन खोल पोचत नाही. मग ते धरण ओलांडून सुरतेकडे, खंबातच्या आखाताकडे जाऊ शकतं.

म्हणून नाल्याकडे उताराचं शेत असेल तर सायपरमेथ्रिन मी नको म्हणेन. सपाट शेत असेल आणि बांधावर गवताचा रुंद पट्टा असेल, तर माती अडते आणि धोका बराच घटतो. इमिडाक्लोप्रिडला तो पट्टा तितका अडवत नाही. तिथे पाऊस बघूनच फवारणी करावी. अळी नुकती दिसू लागली असेल तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क. आणि कोणतंही औषध घेतलं तरी पंप नाल्यात धुवू नका. ते पाणी शेताच्या मधोमध, नाल्यापासून लांब ओता.