पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर: जाळरेषेसाठी घ्यावाच

मेळघाट, गडचिरोलीत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. जाळरेषेवर, म्हणजे आग पसरू नये म्हणून जंगलात मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, पुन्हा पुन्हा पडणारा पाला हटवायला हवेचा झोत मारणारं हे यंत्र झाडूपेक्षा कितीतरी सरस.

इंजिन टू-स्ट्रोक. मिश्रण ५०:१ सांगितलं असेल, तर लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल; कमी पडलं की पिस्टन जाम. राखेनं एअर फिल्टर चोंदतो, तो रोज झटकावा. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये.

आगीवर झोत ज्वाळेच्या बुडाशी, जळालेल्या बाजूकडे मारावा. उलट मारला तर ठिणग्या पुढच्या पाल्यात पडतात. कमरेएवढ्या ज्वाळांपुढे मात्र हा चालत नाही.

मोहफुलं वेचायला मोहाखालचा पालाही पेटवण्याऐवजी यानंच सारावा. सागाची रोपं, जमिनीवर अंडी घालणारे रातवे पक्षी, सरडे वाचतात. एकट्याला परवडत नाही, ग्रामसभेनं घ्यावा.