गॅस गीझर असलेल्या घरासाठी सीओ (कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, वास नसलेला वायू) अलार्म: घ्यावा, पण बाथरूममध्ये लावू नये

खोक्यावर 'ईएन ५०२९१' (घरगुती सीओ अलार्मचं युरोपीय मानक) छापलेलं असेल तरच घ्या. हवेतल्या सीओचा आकडा दाखवणारं मॉडेल असेल तर उत्तम. या मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत सीओचे ५० भाग) ६० ते ९० मिनिटांत, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत वाजतो. म्हणजे पडद्यावर ४० दिसत असूनही तो गप्प असेल, तर अलार्म बिघडलेला नाही, गीझर बिघडलाय. ज्योत निळीऐवजी पिवळी आणि वर काजळी दिसली की बर्नर साफ करायची वेळ झाली.

दुकानदार बऱ्याचदा एलपीजी गळतीचा अलार्मच हातात देतो. तो वेगळा, जमिनीलगत लावायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. कार्बन मोनॉक्साइड गरम धुराबरोबर वर जातो, म्हणून हा भिंतीवर, छताच्या किमान १५ सेंमी खाली, गीझरपासून १ ते ३ मीटरवर. बाथरूमच्या वाफेने सेन्सर खराब होतो. दाराबाहेरचा पॅसेज बरा.

खटकणारी गोष्ट म्हणजे टेस्ट बटण. ते भोंगा आणि बॅटरी तपासतं, सेन्सर नाही. सेन्सरची मुदत मागे छापलेली असते, बहुधा ७ किंवा १० वर्षं. ती संपली की अख्खं यंत्र बदलायचं.

वाजला तर दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, सगळे बाहेर पडा. आणि गीझर बाल्कनीत हलवता येत असेल, तर आधी तो खर्च करा, अलार्म नंतर.