स्कूटरसाठी सॅडलबॅग: लिटर नंतर बघा, आधी सीट उघडतं का ते बघा

सॅडलबॅग म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी बॅगांची जोडी. तिच्या लेबलवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिटर छापलेले असतात आणि घेणारा बहुतेक वेळा तेवढंच बघतो. बाजारातल्या बऱ्याचशा जोड्या मोटरसायकलच्या मापाने शिवलेल्या असतात, दोन्ही बाजू मिळून 40 ते 60 लिटर. त्या स्कूटरवर टाकल्या की एक साइलेन्सरवर टेकते, दुसरी किकच्या आड येते आणि सीट उघडायचं म्हटलं की दोन्ही काढाव्या लागतात. स्कूटरला एका बाजूला 10 ते 14 लिटरची बॅग पुरते. त्याहून मोठी असेल तर विकणारा काहीही म्हणो, आधी गाडीवर टाकून बघा.

सीटपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. स्कूटरचं सीट पुढच्या बिजागरीवर उचललं जातं. डिकी त्याखाली, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये पेट्रोलचं झाकणही त्याखालीच. सॅडलबॅगचे आडवे पट्टे सीटवरून घेतले आणि बॅगा खाली बॉडीला बांधल्या, तर दर वेळी पेट्रोल भरताना सगळा संसार सोडावा लागतो. पट्टे सीटखालून घेतले तर दुसरी अडचण. साध्या 25 मिमी रुंद पट्टीची जाडी दीड मिमीच्या आसपास असते. ती सीटखालच्या रबरी ठोकळ्यांच्या मधून गेली तर चालून जाते. पण रुंद वेल्क्रोचे दोन थर एकमेकांवर आले की सीट वर राहतं, लॉक लागत नाही, आणि दाबून लावलं तर लॉकवर कायमचा ताण येतो. शिवाय पावसात पाणी पट्टीवरून झिरपत थेट डिकीत उतरतं.

म्हणून आमची पसंती एकाच रचनेला: आडवे पट्टे सीटवरून, आणि त्यांत एका बाजूला चिमटीत दाबून सुटणारं बकल. मागचा पट्टा ग्रॅब रेलला, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या पकडायच्या दांड्याला, स्वतंत्र बांधलेला असला की बकल सोडल्यावर बॅगा जमिनीवर न पडता तिथेच लोंबत राहतात आणि सीट मोकळं होतं. फक्त वेल्क्रोवर जुळणाऱ्या जोड्या टाळा. धूळ आणि धागे अडकून वेल्क्रोची पकड कमी होत जाते, आणि स्कूटरवर ते सारखं उघडावं लागतं.

आता साइलेन्सर. स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचं चाक मिळून एकच भाग असतो. तो शॉकअपवर वर-खाली होतो, आणि साइलेन्सर त्यालाच बसवलेला असतो. बॅग मात्र बॉडीला लटकते. म्हणजे गाडी खड्ड्यात दबली की बॅग साइलेन्सरच्या जवळ जाते. डबल स्टँडवर उभ्या गाडीचं माप इथे काही उपयोगाचं नाही. दोघांना सीटवर बसवा, बॅगेत खरं सामान भरा आणि मग बॅगेचा तळ ते साइलेन्सर हे अंतर मोजा. ते 8 सेंमीच्या खाली असेल तर बॅग वर ओढा, नाहीतर ती नकोच. साइलेन्सरवरचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा गार्ड पाय भाजू नये म्हणून असतो. त्याच्या भरवशावर कापड टेकवू नका. तळ वितळण्याआधी त्यावर चकाकी येते आणि कापड कडक होतं. ही खूण दिसली की त्याच दिवशी पट्टे आवळा.

डाव्या बाजूला इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या बेल्टच्या कव्हरला हवा घेणारं तोंड असतं, जवळच एअर फिल्टरचा डबा. हवेचं तोंड बॅगेने झाकलं तर बेल्ट जास्त तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. किक पूर्ण खाली जाते का, हेही बॅग भरलेली असताना बघा. इलेक्ट्रिक स्कूटरला साइलेन्सरची कटकट नसते, पण सीटची अडचण तीच.

कापडाचं थोडक्यात (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप): 600 डेनियर पॉलिएस्टर हलकं आणि स्वस्त, पण शिवणीतून आणि चेनमधून पाणी घेतं. 1000 डेनियर नायलॉन घासण्याला जास्त टिकतं, मात्र त्याचे पट्टे भिजले की सैल होतात. वेल्डिंग केलेली, तोंड गुंडाळून बंद होणारी ताडपत्रीची बॅग पावसाला उत्तम, पण उष्णतेने लवकर मऊ पडते, म्हणून साइलेन्सरच्या बाजूला तिला अंतर जास्तच द्या. सोबत मिळणारं इलॅस्टिकचं रेनकव्हर वाऱ्याने फुगतं आणि त्याच्या तळाशी पाणी साठतं. कपडे आत वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवणं जास्त खात्रीचं. बॅगेच्या आतल्या बाजूला कडक प्लास्टिकची शीट आहे का, ते दाबून बघाच. ती नसेल तर भरलेली बॅग चाकाकडे पोट काढते.

रंग खराब होतो तो बॅगेमुळे कमी आणि मधल्या धुळीमुळे जास्त. ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पॅनेल धुऊन, कोरडं करून पारदर्शक फिल्म लावा आणि आठवड्यातून एकदा बॅग उचलून पुसा.

भरताना जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरायला लागतं, विशेषतः वेग कमी होताना. एका बाजूला 4 ते 5 किलो ठीक; दोन्हींतला फरक किलोभराच्या आत ठेवा. लटकवायच्या काट्यावर हे मिनिटभराचं काम आहे. चालवणारा, मागे बसणारा आणि सामान मिळून किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. त्यात बॅगेचं स्वतःचं वजनही धरा. टायरमधली हवा दोघांसाठी सांगितलेल्या आकड्याइतकी भरा आणि मागच्या शॉकअपला खाचा असतील तर एक खाच कडक करा.

पट्ट्यांची उरलेली टोकं मोकळी सोडू नका. ती चाकात गेली तर चाकच अडकू शकतं. गुंडाळून रबरी कडीत अडकवा, जास्तच लांब असतील तर कापून टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या. निघाल्यावर पहिल्या 10 किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण सामान तोवर बसलेलं असतं. तिथेच इंडिकेटर लावून गाडीच्या मागे आणि दोन्ही तिरक्या बाजूंना उभं राहून बघा. बॅगेचा कोपरा दिवा झाकत असेल तर मागचा पट्टा एक घर पुढे घ्या.